पथ्य डब्यात, पातेल्यात की ताटात?

"ताई, नमस्कार. आमचं घर नाशिकला. घरात सहा माणसं, सगळी मोठी. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, ८१ वर्षांचे. त्यांना रक्तदाब आहे आणि गेल्या वर्षापासून किडनीचं दुखणं. डायलिसिस नाही, पण डॉक्टरांनी मीठ आणि पोटॅशियम कमी करायला सांगितलंय. सासूबाईंना मधुमेह, त्यात एकादशी-चतुर्थी असते आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. ह्यांचं युरिक ॲसिड वाढलंय म्हणून ह्यांनी डाळी सोडल्यात. मुलगा जिमला जातो, त्याला प्रोटीन हवं. दीड वर्षापूर्वी सून आली, तिला सीलिॲक आहे. गहू अजिबात चालत नाही. सासूबाईंना ते पटत नाही, 'घासभर पोळीने काय होतंय?' म्हणतात. मी पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी दोन भाज्या, संध्याकाळी तीन, दोन तऱ्हेची वरणं, पोळ्या, भाकऱ्या, हे सगळं करून जीव मेटाकुटीला येतो. आणि तरी जेवायला बसलं की कुणीतरी विचारतंच, 'यातलं मला काय चालेल?' मुलाने अण्णांसाठी कमी सोडियमचं मीठ मागवलंय, ते वापरू का? एअर फ्रायर घेतला तर काम हलकं होईल का? मला स्वतःला काही नाही, हिमोग्लोबिन तेवढं ९.२ आलंय.
– एक सून, एक सासू"

नाशिकच्या ताई,

आधी मिठाचं सांगते, कारण त्याला थांबून चालणार नाही. ते पाकीट आजच बाजूला काढा. कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाच्या किडन्या जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकतात, अण्णांच्या टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठत गेलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, म्हणजे दोन्हीकडून भर. मुलाने काळजीपोटी आणलं, त्याला बोलू नका. पण ते मीठ अण्णांच्या जेवणात गेलं असेल तर डॉक्टरांना फोन करून सांगा. ते कदाचित रक्ततपासणी करायला सांगतील. आणि कुणी सैंधव सुचवलं तर तेही नको. सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं म्हणून रक्तदाबाला चालतं असं नाही.

आता तुमच्या पाच भाज्यांकडे वळू. तुमचं पत्र वाचताना लक्षात आलं की तुम्ही सगळ्यांची पथ्यं एकाच जागी सांभाळायला बघताय, आणि ती जागा आहे पातेलं. सहा जणांची सहा पातेली. खरं तर प्रत्येक पथ्य सांभाळायची जागा वेगळी असते. सुनेचं पथ्य सामान आणताना, म्हणजे डब्यात सांभाळायचं. अण्णांचं पातेल्यात, तेही अर्ध्या वाटेवर. सासूबाईंचं, तुमच्या यजमानांचं आणि मुलाचं ताटात. हे एकदा वेगळं केलं की स्वयंपाक एकच राहतो.

सुनेचं आधी, कारण सगळ्या घरात 'थोडंसं चालतं' हे फक्त तिच्या बाबतीत खरं नाही. सासूबाईंना तुम्ही समजावू नका, सुनेच्या पोटविकारतज्ज्ञांकडे त्यांना एकदा सोबत न्या. सीलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. पोट दुखलं नाही तरी आत नुकसान होतच असतं, आणि मग लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. हे पथ्य जन्मभराचं आहे. घासभर पोळीचं 'काय होतंय' ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की जास्त पटतं.

गहू म्हणजे पोळी एवढंच तुम्ही टाळत असाल तर आता एका रविवारी सगळे डबे खाली काढा. रवा, मैदा, शेवया, कुरडया, दलिया ही उघड मंडळी. लपलेली वेगळी आहेत. पहिलं नाव हिंगाचं. आपण वापरतो तो बांधानी हिंग, त्यात शुद्ध हिंग थोडा आणि पीठ जास्त, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे रोजच्या फोडणीतून, लोणच्यातून, पापडातून, विकतच्या मसाल्यातून गहू जातो. तांदळाच्या पिठातला, ग्लूटेन नाही असं लिहिलेला हिंग मिळतो, तो आणा, किंवा काही दिवस हिंगाशिवाय फोडणी करा. जिरं आणि लसूण असेल तर कुणाला कळणारही नाही. मग मेतकूट, सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी. तिन्हीत परंपरेने गहू असतो. भाजणी तुम्ही गहू वगळून घरी करू शकता, ज्वारी-बाजरी-तांदूळ-चणाडाळ-उडीद-धणे एवढ्यावरही ती खमंगच होते. नाचणीची म्हणून मिळणारी बिस्किटं घेताना मागचा कागद वाचा, त्यात मैदाच पहिला लिहिलेला सापडेल. जव म्हणजे बार्लीही बंद.

त्याहून अवघड आहे ती गिरणी. आधीच्या माणसाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते. ते पीठ ज्वारीचं असलं तरी सुनेसाठी ज्वारीचं नाही. आपल्याकडे अन्नपदार्थावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. गिरणीच्या जात्याला चिकटलेलं पीठ ही मर्यादा सहज ओलांडू शकतं. तेव्हा एकतर तसं लिहिलेलं बंद पाकिटातलं पीठ घ्या, नाहीतर घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. ज्वारी आणि तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा, कारण पोत्यातही गव्हाचे दाणे सापडतात.

आणि आता माझा थोडा आगाऊ सल्ला. घरात कणीक मळणंच बंद करा. कोरडं पीठ उडतं, ओट्यावर बसतं, पोळपाटाच्या लाकडात शिरतं, चाळणीत अडकतं. ज्यांना डब्याला पोळी हवीच आहे त्यांच्यासाठी ती पोळी-भाजी केंद्रातून आणा. नाशिकमध्ये केंद्रांना तोटा नाही. तयार पोळी तिच्या स्वतंत्र डब्यात राहील, डब्याला लाल दोरा बांधा. तुमचा सकाळचा पाऊण तास वाचेल तो वेगळाच. संध्याकाळी सगळ्यांना भाकरी किंवा भात. 'सुनेसाठी घराने पोळी सोडली' असं कुणी म्हणालंच, तर पोळी सोडलेली नाही, लाटणं सोडलंय, एवढं सांगा. जुना पोळपाट, लाटणं, लाकडी डाव आणि चाळणी तिच्या पदार्थांना लावू नका. तवा आणि परात भाकरीसाठी नवीच घ्या. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पोह्याचे पापडसुद्धा नकोत.

सणांची फार चिंता करू नका, आपल्या सणांत गव्हाइतकाच तांदूळ आहे. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, तांदळाची खीर तिला चालतात, पीठ मात्र वर सांगितलं तसं. पुरणपोळीच्या दिवशी तिला पुरण वाटीत, वर तुपाची धार. पुरणाला गहू लागतच नाही. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तिथे मात्र तिची कुचंबणा होते. प्रसाद नाकारू कसा, आणि खाऊ कसा? ही कोंडी तुम्हीच फोडा. दुसऱ्यांच्या घरी तिच्या हातावर पंचामृत आणि केळं पडेल असं बघा, आणि बोलायचं ते तुम्ही बोला. सासूने सांगितलं की चार बायका गप्प बसतात. सुनेने सांगितलं तर नखरा ठरतो.

अण्णांचं पथ्य वेगळ्या जातीचं आहे. तिथे पदार्थ वेगळा लागत नाही, प्रमाण आणि रीत बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशेब असा, की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. सहा जणांचं ३० ग्रॅम. म्हणजे किलोचं पाकीट महिनाभर पुरून वर उरायला हवं, आणि लोणचं-पापड-फरसाणातून जाणारं मीठ धरलं तर आणखी लांबायला हवं. पुढच्या पाकिटावर फोडल्याची तारीख लिहा. ते लवकर संपलं तर पथ्याची गरज एकट्या अण्णांना नाही. त्यांचं स्वतःचं माप डॉक्टरांनी याहूनही कमी दिलेलं असू शकतं, ते ग्रॅममध्ये विचारून घ्या. 'कमी करा' हे काही माप नव्हे. पापडात मीठ असतंच, वर पापडखारही सोडियमचाच. ढोकळ्यातला खाण्याचा सोडाही तसाच. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही.

पोटॅशियमसाठी रोजची घराची भाजीच अशी निवडा की अण्णांना वेगळं काढायला लागू नये. दुधी, दोडका, कोबी, ढोबळी मिरची, वांगं, फरसबी. यातली एक भाजी सगळ्यांची. बटाटा, पालक, टोमॅटोचं सार हे अण्णांच्या वाट्याला कमी. बटाटा-पालकासारखं काही त्यांना द्यायचंच असेल तर ती भाजी बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात तास-दोन तास भिजवायची, ते पाणी टाकायचं, पुन्हा भरपूर पाण्यात उकडायची आणि तेही पाणी टाकायचं. पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं, सगळं नाही. 'भाजीचं पाणी टाकू नये, आमटीत घालावं' हे आपल्या आयांनी शिकवलंय आणि बाकीच्यांसाठी ते बरोबरच आहे. अण्णांसाठी उलटं. पण सगळ्या घराची भाजी अशी धुऊन-उकडून काढू नका, बाकीच्यांची जीवनसत्त्वं त्याच पाण्याबरोबर मोरीत जातील, आणि तुमच्या ९.२ ला तर पालेभाजी हवीच आहे. फळांत सफरचंद, पेर, अननसाची फोड. केळं आणि सुकामेवा नको. भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात, ती त्यांच्याकडून आनंदाने घ्या आणि मुलाला द्या. डाळ किती, हे मी सांगणार नाही. डायलिसिस नसताना प्रथिनं मोजून द्यायची असतात, सुरू झालं तर उलट वाढवायची असतात, आणि ते माप त्यांचे किडनीतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. फक्त 'अशक्तपणा आलाय' म्हणून नातवाच्या प्रोटीन पावडरीतला चमचा त्यांच्या दुधात पडू देऊ नका.

एक संध्याकाळ प्रत्यक्ष मांडून दाखवते. कुकरला तूरडाळ आणि भात. दोडका चिरलेला. एकीकडे भाकऱ्या. कढईत तेल, मोहरी, जिरं, हळद, मिरची, दोडका, झाकण. मीठ नाही. शिजला की अण्णांची वाटी काढा, त्यावर मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब. आंबट-तिखट असलं की मिठाची आठवण कमी होते, आणि तीन-चार आठवड्यांत जिभेला सवयही लागते. मग उरलेल्या भाजीत मीठ आणि दाण्याचं कूट. वरणाचंही तसंच, आधी हळद घालून घोटायचं, अण्णांचं मोजून बाजूला काढायचं, मग मीठ. चातुर्मास असेल तर पातेल्यात कांदा-लसूण घालूच नका. सासूबाईंचं वाढून झालं की छोट्या कढल्यात लसणाची चरचरीत फोडणी करून ती उरलेल्या आमटीवर ओता. कांदेनवमीला दुःख करणाऱ्या तुमच्या मुलाला चार महिने वाट बघायला नको. काकडीची कोशिंबीर बिनमिठाची, दही वेगळ्या भांड्यात. एक भाजी, एक वरण, एक कोशिंबीर. वेगळं झालं ते मीठ, कूट आणि फोडणी, आणि तेही शेवटच्या पाच मिनिटांत. पालेभाजी आठवड्यातून दोन-तीनदा दुसरी भाजी म्हणून करा, तेव्हा मात्र अण्णांचा वाटा वेगळा.

सासूबाईंच्या ताटाला वेगळा पदार्थ लागत नाही, लागतो तो क्रम आणि माप. आधी कोशिंबीर, मग भाजी-आमटी, भाकरी आणि भात शेवटी. याच क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, यावर अभ्यास झालेले आहेत. ज्वारी म्हणजे औषध नव्हे हे त्यांना हळूच सांगा. थापलेली एक मोठी भाकरी म्हणजे दोन-तीन पोळ्यांचं पीठ असतं. भाकरी लहान थापा. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि भगरही पोटभर खाल्ली की साखर चढवतेच. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सोबत दही, काकडी, मूठभर दाणे. यातला महत्त्वाचा भाग जेवणाचा नाहीच. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न नसताना साखर धोकादायक खाली आणू शकतात. एकादशीला गोळी कशी घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. मोडायला सांगितलंच तर उपवास मोडायला त्यांना डॉक्टरांचं कारण मिळेल, तुमच्याशी वाद नको.

तुमच्या यजमानांनी डाळी सोडल्यात. बाकी काय सोडलंय ते पत्रात नाही, म्हणून विचारते: शनिवारची बिअर सोडली का? युरिक ॲसिडला खरं भोवतं ते मद्य, त्यातही बिअर, आणि कलेजी, तांबडं मटण, तारलीसारखे मासे, गोड शीतपेयं. डाळी-कडधान्यांनी गाउटचे, म्हणजे युरिक ॲसिडमुळे येणाऱ्या सांधेदुखीचे झटके वाढतात असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. डॉक्टरांनी कागदावर डाळ बंद लिहिली असेल तर त्यांना पुन्हा विचारा. कागदावर नसेल तर वाटीभर वरण त्यांना वाढा.

मुलाचं काय सांगू! आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण माणसाला किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात, अगदी १.६ पर्यंत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. तो कमावता माणूस आहे, अंडी उकडणं त्याला जमेल. हे काम तुमच्या यादीतून खोडा. सून आणि तो मिळून रविवारी भाजणी, पीठ, निवडलेल्या भाज्या एवढं आटोपून ठेवू शकतात. आणि 'यातलं मला काय चालेल?' हा प्रश्न तुम्हाला विचारायचाच नाही. एक कागद फ्रिजला चिकटवा, प्रत्येकाच्या नावापुढे डॉक्टरांनी लिहून दिलेलंच पथ्य, ऐकीव काही नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला कारल्याचा रस त्या कागदावर नको. मोठी माणसं आहेत, कागद वाचतील आणि आपलं वाढून घेतील. अण्णांना मात्र तुम्ही वाढा, ८१ व्या वर्षी तेवढा मान राहू दे.

आता तुमचं. पाच जणांच्या दुखण्यांना दहा ओळी आणि स्वतःला एक, तीही 'काही नाही' म्हणून सुरू होणारी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, ९.२ म्हणजे साधी कमतरता नव्हे. हे बीट आणि खजुरावर सोडू नका. पाळी सुरू असेल तर रक्तस्राव जास्त होतोय का, थांबली असेल तर पोटातून कुठे रक्त जातंय का, हे डॉक्टरांना तपासू द्या. गोळ्या लागतीलच, त्या घ्या. जेवणाबरोबर लिंबू पिळा. चहा मात्र जेवणाआधी आणि नंतर तासभर नको, तो लोह अंगी लागू देत नाही. अळिवाचे लाडू करा, पण दोन तुमच्या नावाचे वेगळे ठेवा. आणि सगळ्यांचं झाल्यावर खरवड खाऊन उठायचं नाही, पंगतीत बसायचं.

राहिला एअर फ्रायर. तुमचं काम तळण्यात जातच नाहीये, तो काय हलकं करणार? शिवाय कुणीतरी त्यात ब्रेडचे तुकडे नाहीतर समोसे भाजणार, आणि तो सुनेसाठी बाद होणार. तेच पैसे घरघंटीत घाला. घेताना दुकानदार गहू दळून दाखवायला निघेल, त्याला तांदूळ घालायला सांगा, आणि दुकानात मांडलेला नमुना न घेता खोकं न फोडलेलं यंत्र मागा.